मिस्तरीच्या घराला गिऱ्हाईक

माझं लग्न होऊन मी ब्राह्मणपुरीहून तळोद्याला आले, त्याच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात शेजारच्या हलीमाचाचीनं घर विकायला काढलं. साल एकोणीसशे वीस. विकायला काढलं म्हणजे ती आमच्या ओट्यापाशी आली. माझ्या सासूबाई, तापीबाई, गहू पाखडत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे उभी राहून ती म्हणाली, “तापीबाई, मी घर ईकी ऱ्हायनी. कोनी इचारं ते सांगजो.”

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. “कोन लेई व बहिन? आते फुकट दिधं तरी कोनी घर लेनार नही.”

सासूबाईंचं तोंड फटकळ होतं, पण हे काही त्या उगाच बोलल्या नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी तो मोठा ताप आला आणि दिवाळीच्या सुमाराला गावातली निम्मी माणसं अंथरुणाला खिळली. कितीतरी उठलीच नाहीत. त्याच वर्षी पाऊसही फिरला. आता गल्लीगल्लीत कुलपं लटकत होती आणि ज्यांची माणसं उरली होती तीसुद्धा सुरत-भुसावळकडे पोट भरायला निघाली होती. विकणारे दहा आणि घेणारा एकही नाही, अशी घरांची गत. हलीमाचाचीचा नवरा त्याच तापात गेला. मुनव्वर मिस्तरी. बैलगाड्या करायचा. त्याच्या हातची गाडी डोंगरापासून तापीपर्यंत कुठंही ओळखू यायची म्हणतात. मी त्याला पाहिलेलं नाही, घर मात्र पाहिलं. आमची भिंत आणि त्यांची भिंत एकच होती.

घर मोठं नव्हतं. मातीच्या भिंती, देशी कौलं, पुढं ओटा, मागं गाड्या करायचं अंगण. पण आत गेलं की मान आपोआप वर जायची. सागाचे जाडजूड खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर वासे, आणि सगळ्या सांगाड्यात लोखंडाचा एक खिळा नाही. सगळं लाकडात लाकूड बसवलेलं, लाकडाच्याच पाचरी मारून आवळलेलं. चाकाला जी कारागिरी लागते ती त्या माणसानं घराला लावली होती. आमच्या घरी वारा सुटला की छप्पर कुरकुरायचं. त्यांच्या घरी कधी आवाज नाही.

चाचीचं वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास असेल. उंच, काटकुळी, कपाळावर कायम एक आठी. एका जागी बसलेली मी तिला क्वचितच पाहिली. एकुलती एक मुलगी अख्तरबानो, नवापूरला दिलेली. जावई निजाम लाकडाच्या वखारीत कामाला. अख्तरबानोची दोन बाळं जन्मताच गेली होती आणि आता तिसऱ्या वेळची ती वाट पाहत होती. दिवस भरायचे ते नेमके पावसाळ्याच्या तोंडाशी. तिनं निरोपावर निरोप धाडले होते, अम्मी ये, आणि कायमची ये.

मग जायचं ना, घराला कुलूप ठोकून? मीही हेच विचारलं. चाची माझ्याकडे अशी बघत राहिली की मला माझीच लाज वाटली. मातीचं घर एक पावसाळा बंद ठेवलं, कौलं फेरली नाहीत, भिंतींना हात लावला नाही, की वाळवी आणि पाणी मिळून त्याचा चिखल करतात. आणि घराखेरीज तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं. जावई भला होता, पण भल्या जावयाच्या दारातही मरेपर्यंत रिकाम्या हातानं बसायची तिची तयारी नव्हती. म्हणजे पावसाआधी घर विकलं गेलं तर ती लेकीच्या उशाशी, नाहीतर लेक तिकडं एकटी आणि ही इकडं भिंतींना पोतेरं करत बसलेली. सरळ हिशेब होता.

उखाजी दलाल इथं कामाला आला. त्याचा खरा धंदा बैलांचा. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे करायचा. पण बैलांचाही बाजार बसला होता, म्हणून त्यानं घरांत तोंड घातलं. घराभोवती फिरला, ओट्यावर पचकन थुंकला (ओटा मी त्याच सकाळी सारवला होता, हे मी विसरलेले नाही) आणि म्हणाला, “भाभी, बैल ईकाना ऱ्हायना ते त्यान्हा शिंगे रंगाडतस ना? तशी भिती रंगाडा. लांबथीन चमकाले जोयजे.”

चाचीला ते पटलं. तिला म्हणण्यापेक्षा आम्हाला सगळ्यांनाच पटलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. तिनं कळीचा चुना आणला, रांजणात विरवला आणि आम्ही दोघी भिडलो. आमच्याकडे घरं पांढरी करतात ती आतून, आणि तीही ईद, दिवाळी किंवा लग्नाच्या वेळी. बाहेरून मातीचा रंग आणि खाली गेरूचा पट्टा, झालं. चाचीनं मात्र जोत्यापासून वळचणीपर्यंत, आत-बाहेर, मागचं अंगणसुद्धा पांढरं करायला घेतलं. एकदा करायचंच तर मिस्तरीच्या घराला शोभेल असं करू, म्हणाली. वर चढून तिनं मधली कौलंही उतरवली, कारण दोन रिपा वाळवीनं खाल्ल्या होत्या आणि गिऱ्हाईक यायच्या आत त्या बदलायच्या होत्या; नव्या मिळेपर्यंत छप्पर तिथं उघडंच राहिलं. चुन्यानं आमच्या बोटांची सालं निघाली. हात सुपाएवढे सुजले. पण शेवटी लांब उभं राहून पाहिलं तेव्हा घर असं लखलखत होतं की माझे डोळे दिपले. उखाजीनंही मान डोलावली.

नंदुरबारचा एक विणकर घर बघायला यायचा होता. आमच्या गावात बायकोचं माहेर, चार माग टाकायला जागा हवी, असं काहीसं होतं. तो आला. आम्ही दारात उभ्या. गल्लीच्या तोंडाशी तो उखाजीबरोबर वळला, चार पावलं आला आणि थबकला. घराकडे पाहिलं, वर उघड्या छपराकडे पाहिलं. मग खांद्यावरचं उपरणं नाकाला लावलं आणि आला तसा परत फिरला. उखाजी मागं धावतोय, हातवारे करतोय, आणि तो काही ऐकत नाही. आम्हाला वाटलं, वेडा असेल.

दुसरा एक जण येतो म्हणाला आणि आलाच नाही. भाजीवाली आमच्या गल्लीत यायची बंद झाली. पाणक्या पखाल कोपऱ्यावरच्या घरापर्यंत आणायचा आणि तिथूनच हाक मारायचा. चाची रोज ओटा झाडायची, दारात पाणी शिंपडायची, आणि माणूस म्हणून गल्लीत फिरकत नव्हतं. आमचं डोकं चालेना.

उलगडा केला माझ्या सासूबाईंनी. त्या चुना लागायच्या आधीच प्रकाशा गावी भावाकडे गेल्या होत्या. परत आल्या त्या गल्लीच्या तोंडाशीच गाठोडं टाकून मटकन खाली बसल्या आणि त्यांनी हंबरडा फोडला, “मन्हा पोऱ्या कोठे शे? मन्हा पोऱ्या जित्ता शे का नही?”

त्यांचा पोऱ्या म्हणजे माझा नवरा आत पडवीत जेवत होता. तो खरकट्या हातानं धावत बाहेर आला. त्याला पाहिल्यावर सासूबाईंनी आधी देवाचं नाव घेतलं आणि मग आमच्याकडे वळून जी सुरुवात केली ती विचारू नका. “हाई काय करी ठेवं व तुम्ही? पलेगना घरले कसा चुना मारतस, म्हाईत नही का?”

मी ब्राह्मणपुरीच्या शेतातल्या घरात वाढले, मला माहीत असायचं कारण नव्हतं. पण चाचीला सगळं एकदम आठवलं. काही वर्षांपूर्वी प्लेग यायचा तेव्हा ज्या घरात माणूस दगावलं त्या घरात सरकारी माणसं शिरायची, सामान बाहेर काढायची, ऊन आत यावं म्हणून मधली कौलं उतरवायची आणि घर आत-बाहेर, वरपासून खालपर्यंत चुन्यानं पांढरं करून टाकायची. सणासुदीखेरीज बाहेरून पांढरं झालेलं, छपराला भोक असलेलं घर म्हणजे काय, हे तळोद्यातल्या पोरासोरालाही ठाऊक होतं. त्या दिवसांत चाचीनं स्वतः अशी घरं पाहिली होती, त्यांच्यावरून तोंड फिरवून गेली होती. आणि तिनंच आपल्या हातांनी आपलं घर तसं करून ठेवलं, तेही जीव ओतून, कोपरान्‌कोपरा शोधून. उखाजीला तर शिंगांपलीकडे काही दिसतच नव्हतं, आणि माझ्या नवऱ्यानं चुना रोज थोडाथोडा चढताना पाहिला, म्हणून त्याच्याही ध्यानात आलं नाही.

चाचीनं भिंतीवरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, “खरडनं पडी.” खरडावं लागेल. चुन्यावर शेणमातीचा गिलावा धरत नाही, म्हणून आधी चुना काढायचा. खुरपी घेऊन आम्ही त्याच भिंती खरडायला बसलो. चैत्रातलं ऊन, डोळ्यांत चुन्याची भुकटी, आणि हातांची सूज अजून उतरलेली नाही. मला खरंच रडू यायचं. आपण केलेलं काम आपणच पुसण्यासारखा शीण दुसऱ्या कशात नसतो. बाहेरच्या भिंती कशाबशा पुन्हा मातीच्या रंगावर आल्या, खाली गेरूचा पट्टा ओढला. आतलं पांढरं तसंच राहू दिलं, तेवढं शोभत होतं. कौलं चढवली. मग सासूबाईंनी सूत्रं हाती घेतली.

त्यांचं म्हणणं असं की घर जितं दिसलं पाहिजे. सकाळी धूर दिसला पाहिजे, दारात बकरी पाहिजे, आत भांडी पाहिजेत. चाचीनं तर निम्मं सामान आधीच नवापूरला धाडलं होतं. मग गिऱ्हाईक यायचं म्हटलं की आमच्या घरातलं सामान तिच्या घरात जायचं. आमचा पलंग, आमचे पितळी हंडे, आमची बकरी, आणि सासूबाईंनी माझ्यासाठी आधीच करून ठेवलेला पाळणासुद्धा. गिऱ्हाईक गेलं की सगळी वरात परत. नवरा म्हणायचा, घर त्यांचं विकायचंय आणि पाठ माझी मोडतेय. एकदा एक गृहस्थ आला, घर नुसतं वरवर पाहिलं आणि पाळण्यापाशी उभा राहून विचारायला लागला, हा पाळणा घराबरोबर का? सासूबाई पडवीतून ओरडल्या, “हात नका लावा! मन्हा नातूना पाळना शे तो!” नातू तेव्हा पोटातही नव्हता. मी लाजून मागच्या दारानं पळाले आणि त्या गृहस्थानं काढता पाय घेतला.

गिऱ्हाइकं अशीच. कुणी पान-सुपारी खायला आल्यासारखा यायचा, खांबांना पाठ टेकून कापसाच्या भावावर बोलायचा आणि बघू म्हणून जायचा. कुणी भिंतीवर नख मारून माती किती निघते ते बघायचा. एकानं तर इथं मिस्तरी नेमका कोणत्या खोलीत गेला, असं चाचीलाच विचारलं. मला त्याच्या टाळक्यात हंडा घालावासा वाटला. माणूस विकायला बसला की दुसऱ्याला काय विचारायचा हक्क मिळतो, याला काही सुमारच नाही. आणि रोज नव्यानं तेच. पहाटे सारवण, सडा, धूर, पलंग, बकरी. कुणी आलं नाही तरी सगळं तयार हवं, कारण कुणी येईलही.

वैशाख उतरायला लागला. एका दुपारी नवापूरकडचा गाडीवान निरोप घेऊन आला. अख्तरबानोच्या पायांना सूज आहे, दाई म्हणते दिवस भरायच्या आधीच होईल, आणि ती विचारते, अम्मी कधी येणार? चाची तेव्हा ओटा सारवत होती. हात शेणात तसेच ठेवून तिनं ऐकलं. गाडीवानाला पाणी दिलं, भाकरी दिली, लवकर येते असं सांगितलं. तो गेल्यावर पुन्हा सारवायला बसली. अर्धा ओटा झाला आणि तिचा हात थांबला.

“कौसा,” ती मला म्हणाली, “आते मी थकी गऊ.”

तिच्या हातातलं पोतेरं मी घेतलं आणि उरलेला ओटा सारवला.

जामसिंग आला तो बाजारच्या दिवशी. आम्ही त्याला गिऱ्हाईक समजलोच नाही. वरच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा माणूस, खांद्यावर कुऱ्हाड, मागं बायको रूपलीबाई आणि तिच्या डोक्यावर मोहाच्या फुलांची टोपली. पलंग नाही, बकरी नाही, काहीच मांडलेलं नव्हतं. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, मिस्तरीचं घर हेच ना? चाचीनं आत घेतलं. त्यानं भिंतींकडे एकदाही पाहिलं नाही. कुऱ्हाड उलटी धरून तिच्या मागच्या बाजूनं पहिल्या खांबावर ठोकलं, कान लावला. मग दुसऱ्यावर. मग वर पाहत तुळयांखालून हळूहळू फिरला. रूपलीबाई टोपली उतरवून मधल्या खांबाला टेकून बसली आणि तिनं डोळे मिटले. डोंगराची वाट चालून तिचे पाय भरून आले होते.

फिरून झाल्यावर जामसिंग म्हणाला, “खांब मी लेसू. तुळया, वासा, सगळं लाकूड. भिती तुन्ह्या.”

चाचीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा आवाज चढला. “उखाडी लई जाशी? हाई घर शे. सरपन नही शे.”

जामसिंगला राग आला नाही. त्यानं सावकाश सांगितलं. गेल्या साली वणवा उतरला आणि त्याचं घर जळालं. जंगल आता सरकारचं, सागाला कुऱ्हाड लावली की राखणदार धरून नेतो. बांबूच्या झोपडीत एक पावसाळा काढला, त्यात आईचे गुडघे धरले. मिस्तरीनं त्याच्या बापाला गाडी करून दिली होती. “बाप मरी गया. गाडी आजून चाली ऱ्हायनी,” तो म्हणाला. म्हणून घर विकायचं कळताच तो आला होता. दोन बैल विकून पैसे घेऊनच आला होता.

चाची नाही म्हणाली. तो बरं म्हणाला, बाहेर गेला आणि समोरच्या लिंबाखाली बायकोबरोबर बसून राहिला.

आणि दैवाचा खेळ असा की इतके महिने कुणी सौद्यावर आलं नाही आणि त्याच दुपारी उखाजी छाती काढून आला. बरोबर सरकीचा व्यापारी. त्याला गोदाम हवं होतं. घर पाडायचं नाही, आहे तसं घेणार, खिडक्या तेवढ्या मातीनं बुजवणार. आणि जामसिंगपेक्षा चांगले चार पैसे जास्त. सौदा म्हटला तर आजच, चाची हवी तर उद्याच नवापूरच्या वाटेला. माझा जीव भांड्यात पडला. सासूबाईंनी तर आतून साखरेचा डबा काढला.

चाचीनं व्यापाऱ्याला घर दाखवलं. सगळं पाहून झाल्यावर तिनं एकच विचारलं, “घरमा कोन ऱ्हाई?”

व्यापारी हसला. “सरकी ऱ्हाई. आनि सरकीना मांगे उंदीर.”

उखाजीही हसला. मीही हसले असते, पण चाचीचा चेहरा पाहिला. ती बाहेर गेली, उन्हातून लिंबापाशी जाऊन उभी राहिली आणि तेच तिनं तिथं विचारलं. जामसिंगनं बायकोकडे पाहिलं. रूपलीबाई बोटांवर मोजत सांगू लागली. सासू, दोन पोरी, एक पोरगा, दीर, दिराची बायको, तिचं तान्हं. माणसं संपली तशी ती थांबली, मग आठवून म्हणाली, “आनि कोंबड्या. वासरू बी.”

चाची परत आली आणि उखाजीला म्हणाली, “त्याले दिधं.”

मी भांडले. खरंच भांडले, मोठ्यानं, सासूबाईंच्या देखत. तिकडं लेकीच्या पायांना सूज, आणि हे लाकूड उतरवायचं म्हणजे निघायला उशीर. इकडं जास्तीचे पैसे सोडायचे. आणि आपण भिंतींसाठी हाताची सालं काढली त्याचं काय? ज्या भिंतींपायी जीव टाकला त्यांना कुणी फुकटसुद्धा विचारत नव्हतं! चाचीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “कौसा, मिस्तरीनी हाई घर पोते ठेवाले नही बांधं.” आणि पाणी प्यायला आत गेली. उखाजी गल्लीभर सांगत सुटला की बाईचं डोकं फिरलं. गल्लीनंही मान डोलावली. सासूबाईंनी साखरेचा डबा परत ठेवून दिला.

पुढचं आधीच सांगून टाकते, उगाच जिवाला घोर नको. चाची वेळेवर पोचली. मुलगी झाली आणि ती जगली. कुणीतरी तिकडचं आलं की मी पहिल्यांदा तिचंच विचारायची.

पण घर उतरवलं तो दिवस मला विसरता येत नाही. जामसिंग आपली माणसं आणि गाड्या घेऊन आला. आधी कौलं, मग वासे. बघता बघता छप्पर गेलं आणि आतल्या पांढऱ्या भिंतींवर ऊन पडलं. चाची त्यांच्या मधोमध उभी राहून सांगत होती, ही पाचर आधी, ती मग, तिकडून नको, इकडून ठोक. घर बांधताना मिस्तरीला एकेक लाकूड हातात तिनंच दिलं होतं. खांब सुटायचा तसा ती त्यावरून पदर फिरवायची, धूळ पुसायची आणि पुढच्याकडे जायची. सासूबाई आणि मी भाकरी करून आणल्या. रूपलीबाईनं त्या सगळ्यांना वाटल्या. जेवणवेळेपर्यंत मधले दोन खांब आणि त्यांवरची तुळई एवढंच उरलं होतं.

ती काही सुटेना. जामसिंगच्या माणसांनी एका बाजूनं ठोकलं, दुसऱ्या बाजूनं ठोकलं. पाचर जागची हलेना. पाणी मारून पाहिलं, तेल सोडून पाहिलं. चाचीला विचारलं तर ती म्हणाली, ही कशी बसवली ते मला माहीत नाही, ही बसवली तेव्हा मी मागच्या खोपटात होते, अख्तर होत होती. त्या दिवशी मिस्तरी बाहेर एकटाच होता. बाईचं ओरडणं ऐकत ऐकत घाबरलेल्या माणसानं मारलेली पाचर, ती किती जोरानं मारली असेल. एक जण म्हणाला, करवत आणू, कापून टाकू.

“कापू नको,” चाची म्हणाली. ती पुढं झाली. खांबाला दोन्ही हात लावले आणि कपाळ टेकलं. आम्ही सगळे उभे होतो, गल्लीतली माणसंही जमली होती. त्या काळी कुठलीही बाई नवऱ्याचं नाव घेत नसे, हिंदूची असो की मुसलमानाची. चाचीच्या तोंडी कायम मिस्तरी. तो मेल्यावरही मिस्तरी. त्या दिवशी सगळ्यांच्या देखत ती खांबाशी बोलली, मोठ्यानं नाही, पण मी जवळ होते.

“मुनव्वर,” ती म्हणाली, “सोड ना आते.”

जामसिंगनं हातातला हातोडा खाली ठेवला. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

पाचर काही सुटली नाही. शेवटी जामसिंगनंच ठरवलं, तोडायचं नाही, आहे तसं न्यायचं. दोन गाड्या जोडून, दहा-बारा जणांनी खांद्यावर तोलत ते दोन्ही खांब आणि मधली तुळई एकसंध आडवी चढवली. गल्लीच्या वळणावर ती आमच्या ओट्याला अडकली आणि ओट्याचा कोपरा घेऊन गेली. शेणाच्या गोवरीसाठी भांडणाऱ्या माझ्या सासूबाई चकार शब्द बोलल्या नाहीत.

चाची खांबावर हात ठेवून कोपऱ्यापर्यंत चालत गेली. तिथं गाड्या डोंगराच्या वाटेला लागल्या आणि तिनं हात काढला. मी तिच्या शेजारी होते. तिनं पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसली.

“दखं ना कौसा? ऐकं नही मन्हं. जित्ता व्हता तव्हय बी ऐके नही.”